वाटीभर पाणी

सासूबाईंनी सुनेच्या हातातून झारा काढून घेतला आणि मुलाच्या हातात दिला.

"आज हा करेल पास्ता. तू बस."

सून नुकतीच कामावरून आली होती. ती कृत्रिम दात बनवणाऱ्या लॅबमध्ये होती. दिवसभर मेणाचे दात कोरून तिची बोटं आखडली होती. घरी येताच कुणीतरी बस म्हटलं तर तिला खरं तर बरं वाटायला हवं होतं. पण सासूबाईंचा आवाज बस म्हणण्यासारखा नव्हता. बाजूला हो म्हणण्यासारखा होता.

"काय झालं, आई?"

"काही नाही. बस म्हटलं ना."

ती खुर्चीच्या कडेवर टेकली. नवरा गॅसपाशी उभा होता. लग्नाला बारा वर्षं झाली, पण या माणसाने कधी स्वतःपुरता चहासुद्धा टाकला नव्हता. त्याने लहान पातेलं उचललं.

"ते नको, मोठं घे," सासूबाई म्हणाल्या. "भरपूर पाणी लागतं. नाहीतर पास्त्याच्या नळ्या एकमेकींना चिकटतात."

सुनेने चमकून वर पाहिलं. हे तिचंच वाक्य होतं. या घरात पास्ता तिनेच आणला, तिनेच केला. सासूबाई दारात उभ्या राहून बघायच्या, पानात पडेल ते मुकाट्याने खायच्या. चांगला झालाय, असं एवढ्या वर्षांत एकदाही त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं. आणि आज तिचंच ज्ञान तिच्याच देखत दुसऱ्याला शिकवणं चाललं होतं.

शेजारच्या शेगडीवर टोमॅटोचा सॉस शिजत होता. पाण्याला उकळी फुटली. "आता मीठ. अरे, चिमूटभर काय टाकतोस? हात सैल सोड. तेलाची बाटली ठेव खाली, तेल लागत नाही." नळ्या पाण्यात पडल्या. "आता हलव. पहिली दोन मिनिटं हलवलं नाहीस तर सगळं तळाला बसेल."

याचा अर्थ न कळण्याइतकी सून खुळी नव्हती. गेल्या महिन्यात लॅबमध्ये काम वाढलं होतं. दोनदा उशीर झाला होता आणि दोन्ही वेळा घरात ब्रेडवर भागलं होतं. तेव्हा कुणी चकार शब्द काढला नाही. काढणार कशाला? असा टोमणा मारायचा होता ना. सून पोराला उपाशी ठेवते, तेव्हा आता पोराने स्वतःचं स्वतः करून खावं.

आणि नवरा! एरवी आईने टॉवेल उचल म्हटलं तरी उलटून बोलणारा. आज खाली मान घालून झारा फिरवत होता. तिच्याकडे एकदाही बघत नव्हता. म्हणजे दोघांचं आधीच ठरलेलं होतं.

"आई," ती म्हणाली. आवाज चढू नये म्हणून तिने टेबलाची कड घट्ट धरली होती. "माझ्या हातचं गोड लागत नसेल तर तोंडावर सांगा. मी पण दिवसभर राबूनच येते. हे असलं नाटक कशाला?"

सासूबाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या आधीच एक नळी काढ," त्या मुलाला म्हणाल्या. "चावून बघ. दाताला किंचित लागली पाहिजे, पण कच्ची नको."

त्याने नळी तोंडात टाकली. जीभ भाजली. "झालीय," एवढंच पुटपुटला.

"वाटीभर पाणी काढून ठेव, मग चाळणीत ओत. नळाखाली धरू नकोस, धुवायला ती भाजी नाही. तशीच सॉसमध्ये टाक. ते पाणी थोडं थोडं घाल आणि दोन्ही एकजीव होऊ दे."

लसूण आणि टोमॅटोचा वास घरभर पसरला. तीन ताटल्या भरल्या. सुनेने आपली ताटली पुढे ढकलली.

"मला भूक नाही."

सासूबाईंनी एक घास घेतला. सावकाश चावला. मग हातातला काटा खाली ठेवला.

"जमलं याला," त्या म्हणाल्या. मग मुलाकडे वळल्या. आता त्यांच्या आवाजात मुलासाठी जी धार होती, ती सुनेने या घरात कधीच ऐकली नव्हती. "आता सांग तिला. काल ती आंघोळीला गेली होती तेव्हा तिच्या फोनवर कोण बोललं, ते सांग."

तो ताटलीकडे बघत राहिला.

"नाही सांगवत? मग मी सांगते. अगं, तुमच्या त्या दुसऱ्या शहरातल्या मुख्य लॅबच्या मालकीणबाई होत्या. तिकडे नवीन विभाग काढताहेत. सहा महिने तूच येऊन तो उभा करून द्यावास, अशी त्यांची इच्छा आहे. तुझ्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही म्हणाल्या. आणि या शहाण्याने तुला न विचारता त्यांना परस्पर सांगून टाकलं, तिला नाही जमायचं, ती गेली तर घरात जेवणाचं कोण बघणार. मी इथेच बसले होते. फोन स्पीकरवर होता, माझ्या कानांनी ऐकलं."

सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. तासाभराचा सगळा राग जागच्या जागी वळला आणि बरोबर माणसापाशी येऊन थांबला.

"मी सांगणार होतो तुला," तो म्हणाला.

"कधी?" तिने विचारलं.

सासूबाईंनी सुनेची ताटली उचलून पुन्हा तिच्यासमोर ठेवली.

"दुपारी मी त्यांना फोन लावायला लावला याला. चुकीचा निरोप गेला म्हणून सांगितलं. त्या उद्या सकाळी पुन्हा करणार आहेत," त्या म्हणाल्या. "या वेळी तू उचल."