चौथा पेला

पहिला पेला सूछिंगने एका भुरक्यात उरकला. "फूलच फूल आहे. चहा कुठे गेला?" असं म्हणून तिने घोट पिकदाणीत थुंकला.

टेबलावर झाकणाचे पाच पांढरे पेले ओळीने मांडले होते. प्रत्येकाखाली एक चिठ्ठी, उलटी ठेवलेली. कुठल्या पेल्यात कोणाचा चहा, हे फक्त आईला ठाऊक होतं. धाकटा भाऊ पेइलिन दाराला टेकून उभा होता. मोगऱ्याचा हंगाम संपून चार दिवस झाले, तरी त्याच्या हातांचा वास गेला नव्हता. पायाशी त्याची बॅग होती.

"आजही नाही म्हणालीस, तर दुपारच्या गाडीने मी निघतो," त्याने सकाळीच सूछिंगला सांगून टाकलं होतं. नदीपलीकडच्या कारखान्यात चहावर पीच आणि लिचीचा अर्क फवारतात, तिथून त्याला बोलावणं आलं होतं. तिथे कोणी चव बघत नाही, म्हणाला होता.

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली होती. बाबांनी शिकवलं तसंच पेइलिन दर उन्हाळ्यात चहात मोगऱ्याच्या ताज्या कळ्या मिसळून सुगंधाची सात पुटं द्यायचा. हंगाम संपला की सूछिंग चव घ्यायची आणि म्हणायची, "यात बाबांचा हात नाही." मग खोकी घराच्या शिक्क्याशिवाय बाजारात जायची. फूचौच्या बाजारात अशा खोक्यांना कोणी नावाने ओळखत नाही.

दुसरा पेला. "यात कोणीतरी पांढरा चाफा घातलाय."

"बाबाही घालायचे, ताई."

"बाबा घालायचे ते कळायचं नाही."

तिसऱ्या पेल्याचं झाकण तिने उचललं, नाकाशी धरलं आणि तिथेच धरून ठेवलं. मग एक घोट घेतला. थुंकायला ती वळली, पण थुंकली नाही.



"डबा उघडलास, आई?" ती म्हणाली. बाबांच्या हातचा शेवटचा डबा आईच्या कपाटात होता, मेणाने बंद केलेला. सहा वर्षांत त्याला कोणी हात लावला नव्हता. "निदान मला विचारायचं तरी होतंस."

 आईने चौथा पेला पुढे सरकवला.

सूछिंगने तो जेमतेम ओठांना लावला. "शी. शिळा आहे. पुठ्ठ्यासारखा लागतोय, फूल कधीचं मेलंय यातलं. हा कशाला ठेवला माझ्यापुढे? ओतून दे."

"पाचवा राहू दे," आई म्हणाली, आणि तिने तिसऱ्या पेल्याखालची चिठ्ठी उलटली. यंदाचा. पेइलिन.

मग तिने चौथी उलटली. तिच्यावर एकच शब्द होता. ह्यांचा.

सूछिंगने दोन्ही चिठ्ठ्या पुन्हा वाचल्या. "अदलाबदल झाली असेल."

"मेण मी माझ्या हाताने फोडलं. पाणीही मीच ओतलं."

पेइलिन दारातून आत आला. चौथ्या पेल्यावर वाकून त्याने वास घेतला आणि पुन्हा घेतला, जणू कुठेतरी काहीतरी उरलं असेल. त्याचा चेहरा उतरला.

"ताई," तो म्हणाला, "सहा वर्षं तू मला कशाशी ताडून बघत होतीस?"

 सूछिंगच्या जिभेवर अजून तिसरा पेला होता. त्याच्याखाली दडलेली, बाबांची अशी वेगळी चव ती शोधत राहिली, आणि प्रत्येक वेळी तिसराच पेला हाताशी लागला.

"या सहा वर्षांत मी चाखायला बसले की बाबा मागे उभे असायचे," ती शेवटी म्हणाली. "खरंच असायचे. भुरका चुकला की खाकरायचे."

"माहीत आहे," आई म्हणाली. "मी त्या बाजूने जाताना जरा अंग चोरूनच जायचे."

सूछिंगने मागे वळून पाहिलं नाही. ती उठली, कपाटावरून शिक्का काढला आणि भिंतीशी रचलेल्या खोक्यांकडे गेली. पहिल्या खोक्यावर तो तिरका उमटला. दुसऱ्यावर सरळ. अकराही खोक्यांना तिने शिक्का मारला.

"आता जाणार आहेस का?" तिने पाठमोरं राहूनच विचारलं.

पेइलिनने बॅगेकडे पाहिलं. "कळत नाही. तू हो म्हणालीस की काय काय करायचं, ते सगळं ठरवलं होतं मी. दुकानातून बदकाचं मांस आणणार होतो." तो थांबला. "आज बाबा माझ्याच हातून पुरते गेल्यासारखं वाटतंय."

"माझ्या हातून," सूछिंग म्हणाली. "ओतून दे म्हणाले मी."

आईने किटली उचलली. चौथ्या पेल्यातल्या पानांवर पुन्हा पाणी ओतलं, झाकण ठेवलं आणि बाबांच्या स्टुलावर बसली. त्या स्टुलावर इतकी वर्षं कोणी बसत नव्हतं. दोघं तिच्याकडे बघत राहिली. ती चाखणाऱ्यांसारखा भुरका मारत नव्हती, थुंकत नव्हती. रोज सकाळी पेजेनंतर चहा घ्यायची तसा तिने तो दोन्ही हातांत धरला आणि हळूहळू प्यायला लागली.

"कसा आहे?" पेइलिनने विचारलं.

आईने आणखी एक घोट घेतला.

"गरम आहे," ती म्हणाली.