म्या म्हणलं

पहिलं करडू बाहेर पडलं तशी मथुराबाईनं आधी त्याची शेपटी वर केली. बोकड! दुसरं पडलं. त्याचीही केली. मादी! पाट! गुडघे रोज कुरकुरतात, पण बाई टुणकन उडालीच.

शेळी अण्णारावांची, राबणं मथुराबाईचं, करडं निम्मी-निम्मी, असा अर्धलीचा सौदा. एकच झालं तर ते मालकाचं. मागं दोनदा एकेकच झालं, दोन्ही मालकानं नेली. बाईला दावणीला स्वतःची एक शेळी हवी होती, बस्स. एक पाट हाती लागली की पुढं सगळं तिचं तीच वाढवते.

तेवढ्यात अख्ख्या सास्तूर गावाला ऐकू जाईल अशी बुलेट वाजली. अण्णाराव आले. "म्या बंगला बांधला, म्या बोअर पाडली, म्या सरपंच निवडून आणला," हे ज्यांचं दिवसभर चालू असतं, तेच.

"मी मालक, म्या आधी निवडायचं," म्हणत त्यांनी पाटीच्या गळ्यात लाल दोरा बांधला.

"बोकड न्या की वो अण्णा," मथुराबाई काकुळतीला आली. "मला पाट राहू द्या."

"न्हाय. म्या माझं घेतलं, उरलंसुरलं सगळं तुझं. बाबामियाँ साक्षीला हायेत."

शेळी अडली तर असावं कुणी, म्हणून शेजारचे बाबामियाँ येऊन बसले होते. त्यांनी बिचाऱ्यांनी मान हलवली.

बुलेटला किक बसली. मथुराबाईनं पदर डोळ्यांना लावला. आणि शेळी पुन्हा कण्हली.

तिसरं! बाईचा हात धजेना. बाबामियाँनीच शेपटी उचलली आणि किंचाळले, "या अल्ला, पाट!" मग काय विचारता! बाई नाचली, बाबामियाँ नाचले, कोंबड्या पार उकिरड्यापलीकडं पळाल्या.

गलका ऐकून अण्णाराव गाडी तशीच टाकून धावत आले. "ए, थांबा! ही बी माझी!"

"अवं, उरलंसुरलं माझं ठरलंय की," मथुराबाईला हसू आवरेना.

"कोण म्हणलं तसं?"

कुणी तोंड उघडायच्या आत त्या ओल्याचिंब पिल्लानं मान ताणली.

"म्याऽऽ!"

बाबामियाँ गोठ्यातच लोळले. अण्णारावांनी ओठ घट्ट मिटले, गाल फुगवले, लई दम धरला. न्हायच जमलं. पोट धरून मटकन खाली बसले आणि डोळे पुसत म्हणाले, "म्याच. म्याच म्हणलं."