पाळण्यातली रिकामी जागा

गोरेगावात वडिलांच्या लाऊडस्पीकरच्या दुकानातल्या जुन्या रेकॉर्डी धम्मानंद कॉम्प्युटरमध्ये उतरवत होता. बायको शीतल एकेका गाण्याला नाव देत होती.

“हा बारशाचा पाळणा. नावाच्या जागी बाया गप होतात. तिथं आत्यानं नाव घ्यायचं.”

सुई टेकली. बाया गायल्या, थांबल्या. त्या रिकाम्या जागेत कुणीतरी मायेनं म्हणालं, “मंजुळा.”

धम्मानंद दचकला. “आजवर इथं कुणी बोललं न्हाई! अन् तू काहून हसून राहिली?”

“आवो, इतक्या वर्षांनी दिवस गेलेत मला. आज सांगणारच होते. पण हे नाव तर मी मनातच ठेवलं होतं.”

त्यानं हरखून तिचे हात धरले. रेकॉर्ड फिरतच होती. दुसऱ्या कडव्यात बाया पुन्हा थांबल्या.

“सुमेध,” रेकॉर्डमधला तोच मायेचा आवाज म्हणाला.

शीतलचा हात अलगद पोटावर गेला. दुसरं नाव तिनं ठरवलंच नव्हतं.