उन्हातली गाडी

वायरमन घरगाडीच्या टपावर गुडघे टेकून सोलरचे पॅनल पुसत होता. आधी ओल्या फडक्याने, मग कोरड्याने. टपाचा पत्रा असा तापला होता की गुडघ्यांखाली घेतलेल्या उशीतूनही चटके बसत होते. वयाला शोभेसं हे काम नव्हतं, पण सकाळपासून त्याची ही चौथी फेरी होती.

"अहो काका!" खालून आवाज आला. गाड्यांच्या त्या तळाची राखण करणारी बाई कपाळावर हात धरून वर बघत होती. "एवढं डेरेदार झाड सोडून भर उन्हात का लावलीत गाडी? घ्या की सावलीत!"

"सावलीत एसी चालत नाही."

"अन् सावलीत एसी लागतो कशाला?" बाई मोकळं हसली. "हे म्हणजे गारव्यासाठी तव्यावर जाऊन बसल्यासारखं झालं!"

वायरमन एकेक पायरी सांभाळत शिडीवरून उतरला. फडकं झटकून दोरीवर टाकलं, त्याला चिमटा लावला. मग म्हणाला, "आत बायको आहे माझी. सकाळी गेली."

बाईचं हसू ओठांवरच वाळलं.

"डॉक्टर येऊन कागद देऊन गेले. म्हणाले, ठेवायचंच असेल तर गारव्यात ठेवा. लेक निघालीये तिकडून. मी येईपर्यंत आईला हलवू नका म्हणाली. पाच तरी वाजतील तिला."

बाईने पायातल्या चपला काढल्या आणि त्याच्या मागोमाग आत गेली.

आठ पावलांत संपणारं घर. शेगडी, हुकांना टांगलेले दोन कप, घडीचं टेबल आणि मागे पलंग. छतात एसी घरघरत होता. पलंगावर ती निजली होती, अंगावर पातळ चादर. पायांवर मात्र लोकरीची शाल, चारही बाजूंनी नीट खोचलेली.

बाईने शालीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"तिला सोसायचा नाही हा एसी," तो म्हणाला. "चार वर्षं एकच धोशा. अहो, बंद करा तो, पाय गार पडलेत माझे. मी म्हणायचो, अगं, सूर्य फुकट राबतोय तर राबू दे की." शालीचं एक टोक सुटलं होतं, ते त्याने पुन्हा खोचलं. "आता शालीने गारवा अडतो, हे मला कळत नाही असं नाही."

तीनच्या सुमाराला झाडाची सावली लांबत लांबत गाडीच्या मागच्या चाकापाशी आली. टपावरचे चारही पॅनल वायरमनने स्वतःच्या हाताने एका माळेत जोडले होते. एकावर सावली पडली की चौघेही मान टाकायचे. "तुमचं हे एकत्र कुटुंब," बायको चिडवायची, "एक रुसला की साऱ्या घराची चूल बंद!" बॅटरीचा आकडा छत्तीस टक्क्यांवर होता. नुसत्या बॅटरीवर एसी फार तर तासभर निघाला असता.

गाडी पुढे घ्यायला हवी होती. वीसेक हात, जास्त नाही.

"मी बसते त्यांच्यापाशी," बाई म्हणाली. ती पलंगाच्या कडेवर टेकली. एक हात तिने निजलेलीच्या खांद्यावर ठेवला, एक गुडघ्यावर.

वायरमन पुढे जाऊन स्टिअरिंगपाशी बसला. किल्लीला हात लावला आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, "बसलीस का गं?"

मागून "हं" आल्याशिवाय गाडी हलवायची नाही, असा नेम होता. गाडी नवी असताना एकदा पेट्रोलपंपावर तिला विसरून तो मैलभर पुढे गेला होता, आणि मैलभर तिच्याशीच बोलत होता. तेव्हापासून हा नेम तिने घालून दिला होता.

तो थांबला. हात किल्लीवर तसाच. सावली मागच्या दारावर चढली, टपाच्या कडेला टेकली. एसीचा आवाज क्षणभर जड झाला. तरी किल्ली फिरेना.

मग मागून आवाज आला, अगदी हलका.

"हं."

वायरमनने मान वळवली नाही. गाडी मुंगीच्या पावलांनी उन्हात सरकली.

लेक आली तेव्हा सहाला थोडाच वेळ होता. ऊन पिवळं पडलं होतं, बॅटरीचा आकडा अकरावर आला होता. वायरमन पलंगाशेजारी स्टुलावर बसून त्या आकड्याकडे बघत होता. राखणदार बाई उठून बाजूला झाली, लेकीला वाट दिली. लेकीने बॅग पायरीवरच टाकली. आईच्या कपाळावरून हात फिरवला, गालावरून फिरवला. मग लहानपणी बसायची तशी पायथ्याशी बसली आणि शालीखाली दोन्ही हात घातले.

"बाबा," ती म्हणाली. "किती गार पडलेत आईचे पाय."

या वाक्यावरचं उत्तर चार वर्षांत वायरमनला तोंडपाठ झालं होतं. ते न देता तो उठला. छताला हात लावून त्याने एसीचं बटण दाबलं. घर एकदम शांत झालं.

"केला गं बंद," तो म्हणाला.