मोजणीचा दिवस

भाकरी साठ ग्रॅम, डाळ चाळीस, उकडलेलं अंडं पन्नास. सगळं तोलून मी ताट सुकरीपुढे ठेवलं. पाड्यावरच्या लहान मुलांचा आहार मोजण्याचा हा तिसरा, शेवटचा दिवस होता.

अंडं संपवून तिनं माझा हात धरला. "ताई, रोज ये ना. तू आलीस की आये अंडं देते."

"गप गं, वटवट करते नुसती!" तिची आई हसली. माझ्याकडे मात्र तिनं पाहिलं नाही.

पुढच्या आठवड्यात मी न कळवता गेले. मला पाहताच सुकरी आत पळाली. "आये, ताई आली! अंडं दे!"

तिची आई चुलीपासून उठली. "सांगून यायचं ना, ताई."

सुकरीच्या वाटीत नुसती नाचणीची पेज होती. मी ती काट्यावर ठेवली.

एकशे दहा ग्रॅम.