अप्पाची उजळणी

"हे कोण?" कनकाने मोबाइलवरचा फोटो पुन्हा लेकीसमोर धरला.

"अप्पा," हरिप्रिया म्हणाली आणि कंटाळून बँडवाल्यांकडे बघू लागली.

चेन्नई बंदराच्या धक्क्यावर ऊन चढत होतं. कनकाच्या नवऱ्याचं जहाज नौदलाचं. त्याचा कायमचा मुक्काम विशाखापट्टणमला, पण सात महिन्यांच्या सफरीनंतर ते आधी इथे लागणार होतं. म्हणून इथल्या खलाशांच्या घरच्यांना आत सोडलं होतं. तांबरमच्या घरून निघाल्यापासून कनकाची ही कितवी उजळणी, ते तिलाच ठाऊक.

"सेरी, बरं, पुरे की आता," मांडवातल्या खुर्चीवरून तिच्या सासूबाई, अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "परीक्षा काय तिची?"

"तिची नव्हे, आई. माझी."

याला सासूबाईच कारण होत्या. त्यांचे यजमान शेषगिरीही नौदलात होते. एकदा ते लांबच्या सफरीवरून घरी आले, तर चिमुकला शेषाद्री तांदळाच्या पिंपामागे लपला आणि पुढे महिनाभर बापाला "मामा" म्हणत राहिला. शेषगिरी चारचौघांत हसायचे, पण एकदा गच्चीवर एकटेच रडताना दिसले. सासूबाईंनी लग्नानंतर ही गोष्ट सहज सांगितली. कनकाने मात्र ती मनाला लावून घेतली. आता तोच शेषाद्री जहाजावरून उतरणार होता. निघाला तेव्हा लेक जेमतेम अडीच वर्षांची होती. आपल्या नवऱ्यावर बापासारखी पाळी येऊ द्यायची नाही, हे कनकाने ठरवून टाकलं होतं.

म्हणून ती रोज फोटो दाखवायची. गोल चेहरा, गुळगुळीत गाल, पांढराशुभ्र गणवेश. पोरीने त्यातलं नेमकं पांढरं तेवढं उचललं. तांबरमच्या चौकातला वाहतूक पोलीस तिचा अप्पा झाला, देवळातले पांढरी वेष्टी नेसलेले आजोबा अप्पा झाले. प्रचाराला आलेल्या उमेदवाराला तिने अप्पा म्हटलं, तर त्याने तिला कडेवर घेऊन फोटोच काढून घेतला. कनका शरमेने अर्धी झाली.

जहाजावरून क्वचित फोन यायचा, तोही नुसता आवाजाचा. भर समुद्रात चेहरा दिसण्याइतकं नेट कुठलं? हरिप्रिया दोन्ही हातांनी फोन कानाला धरायची आणि चकार शब्द बोलायची नाही. "बोल की गं," म्हणून कनका थकायची. फोन बंद झाल्यावरही पोर तो तसाच कानाला लावून बसायची.

जहाज दिसलं आणि धक्का गप्प झाला.

ते इतकं मोठं होतं की तांबरमच्या घरासमोरची अख्खी गल्ली उचलून आत ठेवता आली असती. तरी येत होतं अगदी हळू, आवाज न करता. कडेने माणसं ओळीत उभी होती. कुणी दाढीवाले, कुणी सफाचट, पण सगळे पांढरे आणि सगळे ताठ. हरिप्रिया या सात महिन्यांत सबंध वाक्यं बोलायला शिकली होती, दोनदा तापाने फणफणली होती, आजीशी भांडायला लागली होती. या माणसांच्या चारी बाजूंना तेवढा काळ नुसतं पाणी होतं. एवढ्या पाण्यातून हे एवढं लोखंड वाट काढत नेमकं आपल्या पायापाशी परत येतं, याचं कनकाला इतकं नवल वाटलं की तिच्या अंगावर काटा आला. सासूबाईंनी देवाचा रथ समोर आल्यासारखे हात जोडले. मग तिनेही जोडले.

"इतके अप्पा?" हरिप्रियाने विचारलं.

कनकाने घाईघाईने मोबाइलवरचा फोटो पुन्हा तिच्यासमोर धरला.

शिडी लागली, बँड कडाडला आणि लोक पुढे धावले. कनका टाचा उंचावून शिडीवर तो गोल चेहरा शोधू लागली. एकेक जण उतरत होता, पण तो दिसेना. आणि मग तिच्या लक्षात आलं, की आपल्या हातात लेकीचा हात नाही.

ती गर्रकन वळली. गर्दीतून वाट काढत चार पावलं गेली आणि थांबली. एक काटकुळा, उन्हाने रापलेला दाढीवाला खलाशी गुडघ्यांवर बसला होता. बँडच्या गोंगाटात हरिप्रियाच्या कानाशी तो काहीतरी बोलत होता. ती आधी स्तब्ध उभी राहिली. मग तिने त्याच्या गळ्याला मिठी घातली.

व्हायचं तेच झालं. आता शेषाद्री उतरणार आणि आपली मुलगी दुसऱ्याच्याच गळ्यात पडलेली बघणार. कनका पळतच पोचली.

"माफ कीजिए, भाईसाब," ती शिडीवरची नजर न काढता म्हणाली. "पांढरे कपडे दिसले की हिला सगळे अप्पाच वाटतात." घाईत हिंदी संपून घरची मराठी सुरू झाली, याचंही तिला भान नव्हतं. तिने पोरीचा दंड ओढला. "सोड गं त्यांना. हे अप्पा नव्हेत. अप्पा वर आहेत, आत्ता येतील."

हरिप्रिया सोडेना.

"हट्ट करू नको. अप्पांनी बघितलं तर काय वाटेल त्यांना? जन्मभर मनात राहील त्यांच्या." कनका अजून शिडीकडेच बघत होती. "तुम्ही तरी सोडा ना हो तिला."

त्या माणसानेही सोडलं नाही. पोरीला तशीच उचलून घेत तो उभा राहिला, तेव्हा त्याची दाढी डोळ्यांतल्या पाण्याने भिजली होती.

"हिनं ओळखलं की गं, कनका," तो म्हणाला. "आता तू ओळख."