हात लागलाय

फुटबॉलच्या फायनलला यंदा पहिल्यांदाच व्हिडिओ रेफरी नेमली, भैरवी मॅडम, त्याही बेळगावच्या. निपाणीचे कोच बुद्धप्रिय अडूनच बसले, "समोरची टीमबी बेळगावचीच! मी मॅडमच्या शेजारी बसून बघणार, तरच मॅच हुईल." आयोजकांनी निमूट मान्य केलं.

एक-शून्यानं मागं पडलेल्या निपाणीनं शेवटच्या मिनिटाला गोल केला. बेळगावची पोरं "हात लागला!" म्हणून ओरडली. भैरवी मॅडमनी व्हिडिओ तीनदा फिरवून दाखवला आणि बुद्धप्रियांकडे पाहिलं. ते स्क्रीनकडे वाकले. आपल्याच पोराचा हात चेंडूला स्पष्ट लागलेला दिसत होता.

"व्हय मॅडम, हात लागलाय," ते कसेबसे म्हणाले. गोल रद्द झाला, कप बेळगावला गेला.

परतीच्या बसमध्ये मागच्या सीटवरून कुजबूज ऐकू आली,

"सरांना बेळगावकरांनी कधी फोडलं रं?"